तुझ्या बांधावर येऊन थांबलेली वाट

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

आईचा गुडघा आहे तसाच आहे, माझी शुगर गोळीवर आटोक्यात आहे, बाकी घरी सगळे ठीक. आता मुद्द्याचं. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘बघू, करू’ म्हणतोस आणि विषय पोरांच्या शाळेवर नेतोस. या वेळी मला तुझं ‘बघू’ नको आहे.

आपली वाट जुळत आली आहे. कॉलेजात असताना कॅन्टीनच्या बिलामागं रेघोट्या मारलेली तीच. प्रयाग चिखलीच्या संगमावरून निघायचं, शिंगणापूरच्या बंधाऱ्यावरून पलीकडं, मग कोगे, हळदी, राशिवडे असं भोगावतीच्या कडेनं, कधी या तीरानं कधी त्या, थेट राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणापर्यंत. सगळं पाणंदी, गाडीवाटा आणि बंधाऱ्यांवरून. डांबरी रस्ता फक्त आडवा ओलांडायचा. दुसऱ्या टोकाला संगमापासून पन्हाळा, आणि पन्हाळ्याहून मसाई पठारावरून पांढरेपाणी, पावनखिंड ही वाट तर दर जुलैला हजारो पायांनी तुडवली जाते, ती कुणाला नव्यानं शोधायची नाही. म्हणजे दाजीपूरच्या गव्यांच्या रानापासून विशाळगडापर्यंत माणूस चालत, नाहीतर सायकल हातात धरत जाऊ शकेल. बघ विचार करून. माझ्या अंगावर लिहिताना काटा येतोय.

आणि हे सगळं एका शेतात अडलंय. तुझ्या.

काल तुझ्या दादाकडं गेलो होतो. धारा उरकून तो गोठ्यातच बसला होता. काकींनी चहा दिला, तुझी चौकशी केली, वाळलास म्हणाल्या फोटोत. मग दादा मला बांधावर घेऊन गेला. गावनकाशात ती पाणंद तुटक दुहेरी रेषेनं स्पष्ट आहे, पण रेषा जाते ती बरोबर आप्पांच्या विहिरीवरून. विहीर खणली तेव्हा वाट बांधाला सरकली, हे तुलाही आठवत असेल, आपण त्याच बांधावरून शाळेला जायचो. आता तो बांध हातभर उरलाय. दरवर्षी नांगर वीतभर आत, दोन्ही बाजूंनी. करंजाचं झाड अजून आहे, पण त्याच्या बुंध्याला ऊस टेकलाय. मी आडवा होऊन त्यातून गेलो, पाचटानं मान कापली. सायकल तर सोडच.

मागितलं किती? दोन सऱ्या. दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आज दोन सऱ्या, उद्या टॅक्टर, परवा प्लाटिंगवालं. आणि रात्री मोटारीची केबल कुणी तोडून नेली तर तुझी ती सायकलवाली पोरं येणार हैत व्हय राखणीला?” सुध्या, यातलं एकही वाक्य खोटं नाही. गेल्या वर्षी नदीकाठच्या किती जणांच्या केबली गेल्या, विचार त्याला. रस्ता झाला की मागोमाग काय येतं हे रिंगरोडच्या कडेला त्यानं पाहिलंय. मी सांगितलं, तोंडाला दगड रोवू, चारचाकी आत शिरणारच नाही. पावसाळ्यात तशीही वाट बंद. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशाऱ्याला जायच्या आधीच वरचे बंधारे बुडालेले असतात. बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्यापासून वळीव पडेपर्यंतच काय ते चालणं. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “सातबाऱ्यावर सुध्याचंबी नाव हाय. त्यो काय म्हणतोय बघ.”

म्हणून हे पत्र.

कालपासून झोप नीट नाही. आपल्यातले दोघे म्हणतात, कशाला विनवण्या, नकाशा आपल्या बाजूनं आहे, १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा आहे, तहसीलदारांकडं अर्ज टाक, मंडलाधिकारी येतील, जेसीबी येईल, वाट मोकळी. येईलही. पण मग त्या दिवशी कोग्यापासून वरच्या प्रत्येक माणसाला कळेल की ही माणसं आधी चहा पितात आणि मग जेसीबी आणतात. ज्यांनी तोंडी हो म्हटलंय, त्यांतले निम्मे तरी दुसऱ्या दिवशी नाही म्हणतील. आणि मी दादाच्या दारात पुन्हा कुठल्या तोंडानं जाऊ? ज्या घरात मी बारावीचा अभ्यास केला, त्या घरावर नोटीस काढू?

तूच मला आयर्लंडमधल्या अॅथलोनहून लिहिलं होतंस ते आता मी सगळ्यांना सांगतो. डब्लिन ते गॉलवे अख्खा देश आडवा ओलांडायची वाट. रॉयल कालव्याच्या कडेनं, जिथून पूर्वी घोडे होड्या ओढत चालायचे, मग मलिंगरपासून तुझ्या गावापर्यंत बंद पडलेल्या रेल्वेवरून. तो तुकडा २०१५ ला खुला झाला. आणि त्याच साली गॉलवेकडचा भाग थांबला, कारण तिथं सक्तीनं जमीन घ्यायला निघाले आणि शेतकरी उठले. सरकारला मागं येऊन पुन्हा बोलणी करावी लागली. रेल्वेची पट्टी सलग, एका मालकाची, म्हणून सोपी गेली. शेतं लागली आणि अडलं. आपल्याकडं तर बंद पडलेली रेल्वेच नाही! १८९१ ला मिरजेहून गाडी आली ती अजून धावतेय. आपलं सगळंच शेतातून.

पण तुझ्याच पत्रात तिथल्या मेयो जिल्ह्याचंही होतं. वेस्टपोर्ट ते अकिल. १९३७ ला रेल्वे बंद झाली, जमीन शेतकऱ्यांकडं परत गेली, तरी २०११ पर्यंत ४२ किलोमीटर सलग वाट झाली, कारण एकेका दारात जाऊन परवानगी मागितली. मालकी त्यांचीच राहिली, वाट फक्त जाऊ दिली. दादाला हेच हवं आहे असं मला वाटतं. सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद नको, पण माणसांनी जायला त्याची ना नाही. तो ते मला म्हणणार नाही. तुला म्हणेल.

तुझी एक गोष्ट मी अजून विसरलेलो नाही, आणि आता विषय निघालाच आहे म्हणून. पावनखिंडीच्या वाटेवर भडंगाची पिशवी तू संपवलीस आणि नाव पम्यावर घातलंस. पम्या परवा भेटला, अजून शपथा घेतो. त्याला मी सांगितलं, सुध्याच्या शेतातून वाट निघाली की पहिल्या दिवशी करंजाखाली पोतंभर भडंग त्याच्याकडून वसूल करू. लगेच दाव्यातला वाटा मागायला लागला. दुसरं भांडण, सायकलींनी गाव सुधारत नाही, नोकऱ्यांनी सुधारतं हे तुझं. त्यावर मी अजून माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. मागच्या महिन्यात हळदीच्या बंधाऱ्यावर सकाळी उभा होतो. शाळेच्या पोरी सायकली हातात धरून एकामागं एक चालल्या होत्या, पलीकडून दोन बायका वैरणीचे भारे घेऊन आल्या. पोरी कडेला सरकल्या, भारे गेले, पोरी पुढं. कठडा नाही, खाली फळ्यांच्या फटीतून पाणी उसळतंय. या माणसांची वाट आधी आहे, आपल्यासारख्या हौशींची नंतर. ही वाट नीट झाली तर त्या पोरींचा मुख्य रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांमधला फेरा वाचेल. नोकरी लागायला आधी शाळेत पोचावं लागतं, लेका.

वहिनींची नवी नोकरी लागली हे काकींकडून कळलं, अभिनंदन सांग. धाकटीचे दात बसवायचं झालं का? घराचं कर्ज मंजूर झालं असेल तर कळव. शॅनन नदीवरच्या नव्या पुलाचा फोटो पाहिला, छान आहे, मी छापून दादाला दाखवला. त्यानं बराच वेळ बघून विचारलं, “खांबाला जागा कुणाची घेतली?” माणूस मुळाशी जातो.

आता नीट ऐक. दादाचा तो ऊस जानेवारीत तुटेल. खोडवा, म्हणजे त्याच खोडांचा पुन्हा फुटलेला ऊस, राखायचा की मोडून नवी लागण करायची हे त्याचं अजून ठरलेलं नाही. खोडवा राखला तर त्या दोन सऱ्या आणखी वर्षभर तशाच राहणार, आणि तोवर बाकीच्यांचा धीर सुटेल. मोडला तर नांगरट होईल तेव्हाच बांध सरळ करून घेता येईल, फुकटात, कुणाला कळणारही नाही. म्हणून तोड यायच्या आत बोल. संध्याकाळी धारांच्या वेळेला करू नकोस, तो चिडलेला असतो. दुपारी जेवून झाल्यावर कर, तुझ्याकडं सकाळ असेल. आधी आप्पांच्या विहिरीचं विचार, पाणी कितीवर आहे ते. वाटेचं त्यालाच काढू दे. आणि कायद्याचं, नकाशाचं अवाक्षर काढू नकोस.

तो काय म्हणाला ते मला त्याच रात्री कळव, कितीही वाजले तरी.

तुझा,
बाळ्या