हक्काचं रेशन माणसांपर्यंत पोहोचवायला हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवरची घरं एकेक करून बंद होतात. मजुरीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते, त्यामुळे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जावंच लागतं. माणसं परततात ती पावसाच्या तोंडावर.

२०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो आणि सर्वांत गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला एकूण ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे, आणि भट्टीजवळच्या रेशन दुकानातही घेता येतं. पण हे मजुरांना कुणी सांगत नाही. कुणी माहिती काढून गेलंच, तर “तुमच्या गावाला घ्या” असं ऐकून रिकाम्या पिशवीने परततं.

सगळ्यात जास्त अडतं ते पोरांचं. मूल भट्टीवर जन्मलं की नोंद राहून जाते. वर्ष उलटलं की दाखल्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून कार्डावर नाव नाही. घरात खाणारी सात तोंडं आणि कार्डावर चार युनिटं, म्हणजे चारच नावं, अशी कार्डं आमच्यासमोर येतात. त्या घराला माणशी ५ किलोने ३५ किलो मिळायला हवं, हातात पडतं २० किलो. उरलेलं भट्टीजवळच्या किराणा दुकानातून उधारीवर येतं, आणि ती उधारी हिशेबाच्या दिवशी मजुरीतून कापली जाते. गरोदर बाईचं गावच्या अंगणवाडीतलं, सरकारच्या अमृत आहार योजनेतल्या जेवणाचं ताटही गावातच राहतं. १९९२-९३मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तो हाच मुलूख. इतक्या वर्षांनी एखाद्या पोराचं धान्य कागदावाचून अडावं, हे आम्हाला सहन होत नाही.

आणखी एक सल आहे. इथल्या उतारावर नागली (नाचणी) आणि वरई ही भरडधान्यं पिकतात. कायद्यात भरडधान्य देण्याची तरतूद आहे, तरी दुकानात बहुतेक तांदूळ आणि गहूच येतो, आणि आमची नागली व्यापारी पडेल भावात नेतो. सरकारने ती इथेच हमीभावाने घ्यावी आणि इथल्याच दुकानांतून द्यावी, यासाठी ग्रामसभांचे ठराव गोळा करत आहोत.

दिवाळीआधी आमची समिती पाड्यापाड्यावर ई-केवायसी (कार्डावरच्या माणसांची आधारने पडताळणी), नाव वाढवणं आणि जन्मदाखल्यांसाठी शिबिरं घेणार आहे. तहसीलला जाण्यायेण्याचं जीपभाडं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं यांना पैसा लागतो. कार्ड सुरळीत होईपर्यंत त्या घराला देता यावं म्हणून एक धान्यकोठीही भरून ठेवायची आहे. जमेल ती रक्कम द्या, पावती जरूर घ्या. जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल.

पैशाहून जास्त गरज माणसांची आहे. भिवंडी, वसई, कल्याणकडे राहणाऱ्यांनी महिन्यातली एक सकाळ द्यावी आणि जवळच्या भट्टीवरच्या एखाद्या कुटुंबाबरोबर रेशन दुकानात जावं. सोबत शिकलेलं माणूस असलं की दुकानदार सहसा अंगठा घ्यायचं मशीन पुढे करतो. नाहीच दिलं, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची; अर्जाचा नमुना आम्ही देऊ. हक्काचं धान्य मिळालं नाही तर कायद्याने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो, हेही त्यात लिहायचं. भट्टीमालकांनीही मजुरांना एवढी एक सकाळ मोकळी द्यावी, ही विनंती.

धान्य द्यायचं असेल तर तांदूळ, नागली, तूरडाळ आणि गोडेतेल द्यावं. जुने कपडे कृपया पाठवू नयेत, ठेवायला जागा नाही.