टूरिस्टांसाठीचं चित्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

व्हेनिसमध्ये घेतलेल्या चित्राचा फोटो पोचला. खाली तू लिहिलंस, ‘आई, हसू नकोस, टूरिस्टांसाठी काढलेलं आहे.’ हसले नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात कालवा, घुमट आणि दोन गोंडोला बसवून बघ, मग कळेल. आणि टूरिस्टांसाठी चित्रं काढण्यात त्या शहराला कमीपणा वाटायचं कारण नाही.

अठराव्या शतकात श्रीमंत इंग्रज घरांतले तरुण शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून इटलीभर हिंडत. कॅमेरा नव्हता, म्हणून पंढरपूरहून तसबीर आणावी तसं व्हेनिसचं दृश्य घरी नेत. कानालेत्तो हा त्यांचा चित्रकार. वडिलांबरोबर नाटकांचे पडदे रंगवून हात तयार झालेला, त्यामुळे पर्स्पेक्टिव्ह पक्कं. जोसेफ स्मिथ नावाचा इंग्रज व्यापारी, पुढे तिथला कॉन्सल म्हणजे इंग्लंडचा सरकारी प्रतिनिधी, कानालेत्तोला गिऱ्हाइकं आणून देई आणि स्वतःही भरपूर चित्रं घेई. १७६२ मध्ये स्मिथने आपला संग्रह तिसऱ्या जॉर्ज राजाला विकला, म्हणून त्यातली चित्रं आज इंग्लंडच्या राजघराण्याकडे आहेत. पण पोट सगळं प्रवाशांवर. १७४० नंतर युरोपात लढाई पेटली, इंग्रजांचं येणं आटलं, तेव्हा १७४६ मध्ये हा गृहस्थ सरळ लंडनला जाऊन राहिला आणि तिथली थेम्स रंगवू लागला.

मान मात्र उशिरा मिळाला. देवादिकांची, इतिहासाची चित्रं ती खरी. शहराची दृश्यं हलकी, असा तेव्हाचा समज. व्हेनिसच्या कला अकादमीने त्याला १७६३ मध्ये सभासद करून घेतलं, पासष्टाव्या वर्षी. सभासदाने एक चित्र भेट द्यायचं असतं. त्यात त्याने आपलं व्हेनिस दिलंच नाही, कल्पनेतल्या एका वाड्याचं चित्र दिलं. याचं मला फार वाईट वाटतं.

तरी खरं सांगू? माझा जीव त्याच्यापेक्षा व्हेनिसच्याच दुसऱ्या चित्रकारावर, फ्रांचेस्को गार्दीवर. कानालेत्तोच्या खिडक्या मोजून घ्याव्यात. गार्दीची हवा दमट लागते. माणसं म्हणजे ब्रशचे दोन-तीन ठिपके, पण चालतात. त्याची काही चित्रं तर हातात मावतील एवढीच. वर्गात मुलांना ‘आधी आउटलाइन’ सांगताना मी मनातून त्याचीच माफी मागत असे.

आता गंमत ऐक. कानालेत्तो थापाही मारी. कालवा सोयीने रुंद करी, दोन जागांवरून दिसणाऱ्या इमारती एकाच चित्रात आणी. पण भरतीचं पाणी चढून वाड्यांच्या भिंतींवर शेवाळाची हिरवट-तपकिरी रेघ उमटते ना, ती त्याने आणि त्याचा भाचा बेल्लोत्तो याने जिथल्या तिथे काढली. गिऱ्हाइकाला त्या रेघेशी काय देणंघेणं! पुढे पादुआच्या दारिओ कामुफ्फो या शास्त्रज्ञाने चित्रांतली रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहिली. त्या काळापासून व्हेनिस पाण्यात सुमारे ६० सेंटीमीटर खाली गेलंय, असं त्यातून निघालं. थोडी जमीन खचली, थोडा समुद्र चढला. इमारतींच्या दारापुढच्या ज्या पायऱ्या त्या चित्रांत कोरड्या दिसतात, त्यांतल्या कित्येक आता पाण्याखाली असतात.

पुढच्या वेळी गेलीस तर ओहोटीला ग्रँड कॅनालवर उभी राहा आणि ती रेघ बघ. तुझ्या चित्रकाराने ती काढली आहे का, हे फोटोत नीट कळत नाही. तेवढा भाग जवळून काढून पाठव.

आणि फ्रेम करशील तेव्हा काच थेट कागदाला टेकू देऊ नकोस, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांग. खिडकीसमोर तर अजिबात लावू नकोस, जलरंग उन्हाने उडतात. बाबांना चित्र आवडलं, फक्त किंमत विचारतायत. मी सांगितलेली नाही.

तुझी,
आई