बाबा, वंशावळीत बायका कुठे आहेत?

डरॅम, नॉर्थ कॅरोलायना

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

वंशावळीचा फोटो मिळाला. बाबा, अक्षर अजून तसंच ठसठशीत आहे. मूळ पुरुषापासून दादाच्या मुलापर्यंत सगळ्या शाखा लावल्यात, नाशिकच्या उपाध्यांच्या वहीतली नावंही जुळवलीत. काम सोपं नाही, कळतंय मला. पण दोनदा वाचली तरी त्यात आई सापडली नाही, आत्या सापडल्या नाहीत, मीही नाही. रागावून लिहीत नाहीये. (थोडी रागावले आहे.) आमच्या या गावात वाढलेल्या एका बाईबद्दल मात्र सांगायचंय.

तिचं नाव पॉली मरे. कृष्णवर्णीय, जन्म १९१० चा, बाल्टिमोरचा. तीन वर्षांची असताना आई गेली आणि तिला इथे डरॅमला मावशीकडे आणलं. वडील मनोरुग्णालयात होते, तिथल्याच एका पहारेकऱ्याने त्यांना १९२३ मध्ये मारून टाकलं. मावशी शाळेत शिकवायची, घरात आजी-आजोबा. आजोबा, रॉबर्ट फिट्झजेराल्ड, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून, म्हणजे गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध, लढले होते आणि युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या लोकांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी दक्षिणेत आले होते. पुढे त्यांची दृष्टी गेली. ही पोर त्यांना पेपर वाचून दाखवायची.

आजोबांनी १८९८ मध्ये बांधलेलं घर अजून आहे, आता तिथे तिच्या नावाचं केंद्र चालतं. मी जाऊन आले. आपल्या गावच्या घरापेक्षाही लहान वाटलं. मागच्या चढावर लागूनच गोऱ्यांचं कब्रस्तान. तिथे दक्षिणेच्या सैनिकांच्या थडग्यांवर त्यांचे झेंडे लागायचे, आणि कुंपणाच्या अलीकडे, घरच्यांसाठी राखलेल्या तुकड्यात, हिच्या आजोबांचं थडगं. हिने काय करावं? तिथलं गवत काढून आजोबांच्या उशाला अमेरिकेचा झेंडा रोवला, तोही रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्यांना दिसेल असा.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: १९४० मध्ये व्हर्जिनियात बसमधल्या मागच्या, मोडक्या सीटवरून वाद झाला आणि तिला मैत्रिणीबरोबर अटक झाली. तेव्हा ती गांधीजींच्या सत्याग्रहाबद्दल वाचत होती. कोठडीत तेच करून बघितलं. बसमधली जागा सोडायला नकार देऊन गाजलेल्या रोझा पार्क्सच्या पंधरा वर्षं आधी.

नंतर ती वकील झाली. हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात वर्गात एकटी मुलगी, आणि पहिली आली. पहिल्या येणाऱ्याने पुढे हार्वर्डला जायची तिथली रीत, पण हार्वर्डने कळवलं की आम्ही बायकांना घेत नाही. त्याआधी १९३८ मध्ये इथल्या चॅपल हिलच्या विद्यापीठाने काळ्यांना घेत नाही म्हणून परत पाठवलं होतं. ते विद्यापीठ लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

१९५२ मध्ये तिने कॉर्नेल विद्यापीठात एका कामासाठी अर्ज केला. शिफारशी कोणाच्या, तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टांच्या पत्नी एलिनॉर आणि नावाजलेले कृष्णवर्णीय वकील थर्गुड मार्शल यांच्या! पण काळ सिनेटर मॅकार्थीचा, जो तो कम्युनिस्ट असल्याचा संशय घेण्याचा. तिचे ‘पूर्वीचे संबंध’ पाहता काम देता येत नाही, असं उत्तर आलं. तिने म्हटलं, माझे सगळ्यात जुने संबंध माझ्या घराण्याशी, तेच लिहून दाखवते. आजोबांच्या डायऱ्या काढल्या, सरकारी दप्तरं चाळली, म्हाताऱ्या मावश्यांना बोलतं केलं. तेच तिचं पुस्तक, ‘प्राउड शूज’, १९५६ मध्ये आलं. तेव्हा फारसं खपलं नाही. वीस वर्षांनी अ‍ॅलेक्स हेलीच्या ‘रूट्स’ने सगळ्या देशाला पूर्वज शोधायचं वेड लावलं, तेव्हा कुठे ते पुन्हा छापलं गेलं.

दप्तरं चाळली म्हणते, पण त्यांत मिळणार काय? १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची यादी मालकाच्या नावाखाली. वय, लिंग, रंग. बहुतेकांचं नाव नाहीच. गुलामीतून सुटलेल्यांची नावं राष्ट्रीय गणतीत आली ती थेट १८७० ला. आपल्या वंशावळीशी मी याची तुलना करत नाही, कुठे ते आणि कुठे आपण. तरी वाचताना आईची आठवण आली, एवढं खरं.

पुस्तकातला माझ्या मते सगळ्यात अवघड भाग आजीचा, कॉर्नेलियाचा आहे. आजीची आई हॅरिएट ही चॅपल हिलजवळच्या स्मिथ कुटुंबाची गुलाम. तिचा नवरा स्वतंत्र माणूस होता. त्याला स्मिथांच्या मुलांनी मारहाण करून हाकलला आणि त्यांतल्या सिडनीने हॅरिएटवर बलात्कार केला. त्यातून कॉर्नेलिया झाली. मग दुसऱ्या भावापासून हॅरिएटला आणखी तीन मुली. त्या चौघींना वाढवलं त्या भावांच्या बहिणीने, मेरी स्मिथने, आपल्याच घरात. त्यांची मालकीणही तीच आणि आत्याही तीच! आणि कॉर्नेलियाला आयुष्यभर त्या स्मिथ रक्ताचा अभिमान. शेजाऱ्यांशी भांडण झालं की तेच सुनवायची. पॉलीने हे सगळं लिहिलं. आजीला झाकलं नाही, तिची कीवही केली नाही. आपण असतो तर ‘कशाला उगाच’ म्हणून गाळलं असतं.

मेरी स्मिथने मरताना कॉर्नेलियाला थोडी जमीन दिली. मोठा वाटा चर्चला आणि चॅपल हिलच्या विद्यापीठाला. म्हणजे ज्या घराण्याच्या जमिनीवर विद्यापीठाने पैसा केला, त्याच घराण्याच्या रक्ताची पणती दारात आली तर तिला प्रवेश नाही.

उतारवयात ती धर्मगुरू झाली. १९७७ मध्ये एपिस्कोपल चर्च या ख्रिस्ती पंथाने तिला दीक्षा दिली, त्या पंथातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री धर्मगुरू. पहिली प्रार्थना तिने चॅपल हिलच्या त्याच चर्चमध्ये चालवली, जिथे १८५४ मध्ये कॉर्नेलियाचा बाप्तिस्मा झाला होता. नोंदवहीत तेव्हा कॉर्नेलियाची ओळख मेरी स्मिथची नोकर अशी लिहिली होती. वाचायला पॉलीने बायबल घेतलं ते आजीचं.

आई, तुला विचारावंसं वाटेल, स्वतःबद्दलही तिने असंच सगळं सांगितलं का? नाही. बायकांवरचं प्रेम, आपण मुळात पुरुषच आहोत असं तरुणपणी वाटणं, यांतलं काही तिच्या आत्मचरित्रात नाही. पण पत्रं, टिपणं, डॉक्टरांशी झालेला व्यवहार तिने जपून ठेवला. १९८५ मध्ये ती गेली. ती सगळी खोकी आज आहेत हार्वर्डच्याच एका ग्रंथालयात. मला हे फार आवडतं. स्वतःला बोलता आलं नाही, तर पुढच्या कोणासाठी कागद तरी ठेवायचे.

आता मुद्द्याचं. माईंबद्दल विचारायचंय. मी दुसरीत असताना त्या गेल्या, मला आठवतं ते एवढंच: माजघरातला पाट, कमरेला किल्ली आणि कोणालाही हात लावू न दिलेली पत्र्याची ट्रंक. बाबा, त्या तुमच्या सख्ख्या आत्या, अण्णांची पाठची बहीण. त्यांचं खरं नाव काय होतं? कोणत्या गावी दिलं होतं, आणि परत का आल्या? नवरा गेला म्हणून, की काकू कुजबुजायच्या ते खरं होतं? ट्रंक कोणी उघडली, आणि त्यात काय होतं?

बाबा टाळतील हे मला माहीत आहे. म्हणून आई, तू सांग. तुझ्या लग्नानंतर दहा-बारा वर्षं त्या तुझ्याच हाताखाली, किंवा तू त्यांच्या हाताखाली होतीस. फोनवर नको, बाबा मध्ये बोलतात. वहीत लिही, मोडकंतोडकं चालेल, आणि दादाला फोटो काढून पाठवायला सांग. तुझ्या माहेरच्या आज्यांचंही लिही.

गुडघ्यासाठी दिलेले व्यायाम करते आहेस ना? बाबा, संध्याकाळची बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
लेक