लँकेस्टरची काळी बग्गी आमिशांची नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर लेख आलाय, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखात आमिश आणि मेनोनाइट हे दोन पंथ एकच धरलेत, दोघांनाही "काळाच्या मागे राहिलेले" म्हटलंय आणि फोटो छापलाय काळ्या बग्गीचा, खाली आमिशांची बग्गी असं लिहून. माझी मुलगी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत असते, तिच्याकडे दोन खेपांत मिळून आठ-नऊ महिने राहिलेय मी. तिथे आमिशांची बग्गी राखाडी असते. काळी असते ती ग्रॉफडेल नावाच्या मेनोनाइट गटाची. हे लोक सायकल चालवतात, तिथले आमिश सायकल न घेता पायाने ढकलायची स्कूटर वापरतात. आणखी एक मेनोनाइट गट आहे जो कार घेतो पण काळीच, आणि बाकी जगातले बहुतेक मेनोनाइट तर तुमच्याआमच्यासारखेच राहतात.

मागासलेपणाचं म्हणाल तर ग्रॉफडेलवाल्यांच्या घरात वीज आहे, फोन आहे, शेतात ट्रॅक्टरसुद्धा आहे, फक्त त्याला रबरी टायर नाही, लोखंडी चाकं, कारण रबरी टायर लावला की उद्या कोणीतरी त्याच ट्रॅक्टरवर बसून गावात जाईल आणि हळूहळू त्याची कार होईल. आमिशांचा फोन घराबाहेर छोट्या खोपटात असतो, दोन-चार घरांत मिळून एक, म्हणजे गरजेला आहे पण जेवताना वाजत नाही. काय घ्यायचं काय नाही हे वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या ख्रिस्ती विधीच्या आधी, सगळी मंडळी बसून ठरवते. याला अडाणीपणा कसं म्हणायचं? इतका विचार करून आम्ही तरी घरात कुठली वस्तू आणतो का!

यांचा विज्ञानाला विरोध, हे लेखातलं म्हणणंही खरं नाही. थोड्याच घराण्यांत लग्नं होत आल्यामुळे त्यांच्या मुलांत काही आनुवंशिक आजार जास्त दिसतात, त्यासाठी डॉ. होम्स मॉर्टन यांनी १९८९ मध्ये तिथेच क्लिनिक सुरू केलं, आता ते जनुक तपासणीचं नावाजलेलं ठिकाण आहे. त्याची पहिली लाकडी इमारत आमिश आणि मेनोनाइट सुतारांनी सगळ्यांनी मिळून उभी केली, जसं ते कोणाचं धान्याचं कोठार जळालं तर उभं करतात. क्लिनिकसाठी दरवर्षी लिलाव होतात, बायकांनी हाताने शिवलेल्या गोधड्या विकल्या जातात. आमिश लोक सरकारी पेन्शन घेत नाहीत, म्हाताऱ्यांना घरात सांभाळतात, हॉस्पिटलचं मोठं बिल आलं तर मंडळीतली घरं वर्गणी काढतात.

वेगळं राहण्यामागे जो इतिहास आहे तो लेखात एका ओळीत उरकलाय. २१ जानेवारी १५२५ ला झुरिचमध्ये कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मांझ वगैरे मंडळींनी तान्हेपणी देतात तो बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मदीक्षा, मोठेपणी, समजून-उमजून घेतला, हे तेव्हा कायद्याविरुद्ध होतं, आणि दोनच वर्षांत झुरिचच्या सरकारने मांझला लिमाट नदीत बुडवून मारलं. पुढे मेनो सिमन्स हा डच धर्मगुरू यांच्यात आला, त्याच्या नावावरून मेनोनाइट. १६९३ मध्ये याकोब आम्मानच्या मागे काही वेगळे झाले ते आमिश. युद्धात शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, एवढ्यासाठी ही माणसं एक देश सोडून दुसऱ्या देशात हिंडली. २००६ साली त्याच लँकेस्टरमध्ये निकेल माइन्सच्या शाळेत एका माणसाने पाच आमिश मुलींना गोळ्या घालून मारलं, तेव्हा आमिश लोक त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोला भेटायला गेले, त्याच्या अंत्यविधीलाही गेले. मुलीच्या गावातली माणसं अजून हे सांगताना थांबतात.

आणि यांचा आपल्याशी संबंधच नाही असं समजू नका. दुष्काळाच्या दिवसांत, १८९९ मध्ये, अमेरिकन मेनोनाइट आताच्या छत्तीसगडातल्या धमतरीला आले, तेव्हा तो भाग मध्य प्रांतात, म्हणजे कारभार आमच्या नागपूरहून चालायचा. त्यांनी अनाथ मुलं सांभाळली, दवाखाना काढला, त्याचं हॉस्पिटल आजही आहे. यावर लिहायचं तर धमतरीलाच कोणाला तरी पाठवा, रायपूरहून दोन तासांची वाट आहे, तिथे बग्ग्या मात्र दिसणार नाहीत. आणि फोटोखालची ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा, ही विनंती.

आपली नेहमीची वाचक,
नागपूर