डोह सहलीचा, पाणी गावाचे

महोदय,

गौताळा अभयारण्याच्या कडेला वसलेल्या आमच्या लहानशा गावाला पावसाळ्यातल्या दर रविवारी जत्रेचे रूप येते. डोंगर हिरवा झाला की माणसे येणारच. त्यांनी येऊ नये असे गावात कोणीही म्हणत नाही, कारण भाजलेली कणसे आणि चहा विकून चार घरांची मीठमिरची भागते. तक्रार आहे ती ओढ्यापुरती.

ज्या डोहात पाहुणे साबण लावून अंघोळी करतात, त्याच्याच खालच्या अंगाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे आणि ती त्याच पाझरावर भरते. गेल्या श्रावणात एका सोमवारी सकाळी शेजारच्या मुलाला घेऊन मी काठावरचे द्रोण, वेष्टने आणि बाटल्या गोळा केल्या, तेव्हा खताचे पोते तोंडापर्यंत भरले. फुटक्या बाटलीने खूर चिरलेली आमची म्हैस त्यानंतर पंधरा दिवस गोठ्यातून हलली नाही.

वाहत्या पाण्याचे एवढे काय, असे शहरातल्या माणसाला वाटू शकते. पण आमचा डोंगर काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी फारसे मुरत नाही, आणि भेगांमध्ये जे थोडे साठते त्यावरच आम्हाला उन्हाळा काढावा लागतो. माझ्या लहानपणी ओढा संक्रांतीपर्यंत वाहायचा. आता दिवाळीलाच त्याची डबकी होतात आणि गुरे, रानडुकरे, बिबटे सगळे त्यांवरच येतात. पाऊसही आता दमाने पडत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात पूर शिरला, हे वाचकांना आठवत असेल. तसा पाऊस माथ्यावर झाला, तर डोहात उतरलेल्या पोरांना लोंढा अंगावर येईपर्यंत पत्ताही लागणार नाही.

१९८६ साली अभयारण्य झाल्यापासून सरपणाची मोळी आणताना आम्ही दहादा विचार करतो. मोटारी मात्र थेट ओढ्याच्या पात्रात उभ्या राहतात. संबंधित कार्यालयाला दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. वाहने गावाबाहेर थांबवावीत, विहिरीच्या वरच्या डोहात उतरण्यास मनाई करावी, आणि वाहनतळाचे शुल्क ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे देऊन त्यातून गावातल्याच दोन तरुणांना राखणीला नेमावे, एवढेच त्यांत मागितले आहे. पोळ्यानंतरच्या रविवारी सर्वांत जास्त गर्दी होते. त्याआधी निदान रस्त्यावर साखळी तरी लागावी.

– एक वाचक, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर