पार्थच्या पसंतीक्रमाविषयी आई-बाबांना पत्र

नाशिक,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र पोहोचले. पार्थला लढाऊ वैमानिक व्हायचे आहे, शेजारच्या काकांनी त्याला हवाई दलाखेरीज दुसरीकडे पाहूसुद्धा नकोस असे बजावले आहे, त्याचे मामा नौदलाचा आग्रह धरून बसले आहेत, आणि मी भूदलाची हेलिकॉप्टरे चालवतो म्हणून निकाल मी द्यावा, असे तुम्ही लिहिले आहे. निकाल पार्थनेच द्यायचा आहे. मात्र दहावीतल्या मुलाच्या कानावर तिन्ही बाजूंनी जे पडते आहे, त्यातले खरे किती आणि आपापल्या दलाच्या अभिमानापोटी बोललेले किती, हे त्याला कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मत असे की विमान पाहून दल निवडू नये. पुढे विमान हातून गेले तरी ज्या गणवेशात नोकरी करावीशी वाटेल, ते दल निवडावे. उड्डाण कोणाच्याही हक्काचे नसते. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा आणि मुलाखतीचे चार-पाच दिवस पार पडले, तरी वैमानिकाच्या अंगभूत कौशल्याची सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी असते. तीत तबकड्यांवरचे आकडे झटकन वाचावे लागतात आणि हात, पाय, डोळे व कान एकाच वेळी कामाला लावावे लागतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेल्याला दुसरी संधी नाही. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. मग हैदराबादजवळच्या दुंडिगल येथे पिलाटस या शिकाऊ विमानावर पहिला टप्पा, आणि तिथे ठरलेल्या तासांत ज्याचा हात बसत नाही त्याचे उड्डाण थांबवले जाते. उरलेल्यांपैकी कोण लढाऊ विमानांवर जाईल, कोण मालवाहू विमानांवर आणि कोण हेलिकॉप्टरवर, हे गुणवत्ता आणि दलाची गरज पाहून ठरते. माझ्या ओळखीत प्रशिक्षणातच उड्डाण थांबलेली माणसे आहेत. जी मुळात हवाई दलात राहायचे म्हणून आली होती, ती आज रडार आणि क्षेपणास्त्रांच्या कामात मनापासून रमली आहेत. जी केवळ विमानासाठी आली होती, त्यांची पुढची वर्षे फार जड गेली.

म्हणून आत्ताच एक काम करा. पार्थला चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन नजर आणि रंगांची ओळख दोन्ही तपासून घ्या, आणि त्याची मापेही घ्या. वैमानिकाला किमान १६२.५ सेंटिमीटर उंची लागते. शिवाय पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटरच्या आत, मांडीची ६४ पर्यंत आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ च्या दरम्यान असावी लागते, कारण कॉकपिटमध्ये पाय पेडलपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि जीव वाचवण्यासाठी आसनासह बाहेर फेकले जाताना गुडघे कुठे आपटता कामा नयेत. दोन-तीन वर्षे क्लासची फी भरून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

आता तिन्ही दलांविषयी. लढाऊ विमानांचा सर्वांत मोठा ताफा हवाई दलाकडे आहे, त्यामुळे ज्याला जेट हेच सर्वस्व वाटते त्याने तिकडे जावे, हे काकांचे म्हणणे रास्त आहे. मामांचेही खोटे नाही. नौदलाची मिग-२९के विमाने गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर असतात, आणि हलत्या जहाजाच्या डेकवर लोखंडी दोरात हूक अडकवून विमान थांबवणे यासारखे कठीण काम उड्डाणात क्वचितच असेल. पण नौदलातला वैमानिक आधी दर्यावर्दी असतो. महिनोन्महिने समुद्रावर राहणे ज्याला सोसत नाही, त्याने केवळ त्या डेकच्या मोहाने जाऊ नये. आमच्याकडे माणूस आधी सैनिक असतो. आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ रोजी हवाई दलापासून वेगळी झाली, आणि आमच्यापैकी बहुतेक जण पायदळ, तोफखाना अशा शाखांत काही वर्षे काढून मग इथे नाशिकला हेलिकॉप्टर शिकायला आले. खाली चालणाऱ्या जवानाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे ठाऊक असलेला वैमानिक भूदलाला हवा असतो.

दलादलांतली चुरस खरी आहे, ती पार्थपासून लपवू नका. खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षे एकाच स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे वसतिगृहाच्या एकाच गटात, राहतात, एकत्र धावतात, एकत्र शिक्षा भोगतात. जनरल नरवणे, ॲडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे २०२१ मधले तिन्ही दलप्रमुख एनडीएच्या ५६ व्या कोर्सचे सोबती होते. तरीही त्यांच्याच काळात, जुलै २०२१ मध्ये, तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) जनरल रावत यांनी हवाई दलाला इतर दलांचे साहाय्यक अंग म्हटले आणि भदौरिया यांनी त्याच दिवशी, हवाई दलाची भूमिका केवळ साहाय्याची नाही, असे उत्तर दिले. यात व्यक्तिगत वैर नव्हते. विमाने थोडी आहेत आणि ती कोणाच्या हुकमाखाली असावीत, हा मूळ प्रश्न आहे. हवाई दलाला ४२ लढाऊ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) मंजूर असताना सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या. त्या तिन्ही दलांच्या वेगवेगळ्या संयुक्त कमांडमध्ये वाटून टाकू नयेत, हे त्यांचे म्हणणे भूदलात असूनही मला पटते. उलट, जमिनीवरच्या लढाईसाठीची हेलिकॉप्टरे भूदलाकडेच असावीत, हे आमचे म्हणणे तितकेच सबळ आहे, आणि ते आता बरेचसे मान्यही झाले आहे: मार्च २०२५ मध्ये मागवलेल्या ‘प्रचंड’ नावाच्या १५६ लढाऊ हेलिकॉप्टरांपैकी ९० भूदलाची आहेत.

या वादाची किंमत कारगिलमध्ये दिसली. मे १९९९ मध्ये भूदलाने सशस्त्र हेलिकॉप्टरे मागितली. त्या उंचीवर ती शत्रूच्या माऱ्यात सापडतील आणि हवाई शक्ती वापरायला सरकारची परवानगी हवी, असे हवाई दलाचे म्हणणे होते. हवाई मोहीम २६ मे रोजी सुरू झाली आणि २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडून चार जण गेले. भीती खरी होती, आणि गरजही खरी होती. दोन्ही दलांचे अधिकारी आधीपासून एका नकाशावर बसत असते, तर ते दिवस पत्रव्यवहारात गेले नसते, असे मला आजही तळमळीने वाटते. राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईचे उदाहरण याच्या उलट आहे. ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी जैसलमेरहून आलेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना पाकिस्तानी रणगाडे दाखवत होते ते भूदलाचे मेजर आत्मा सिंग, ‘कृषक’ नावाच्या एका लहानशा विमानातून. श्रेय कोणाचे यावर पुढे वाद झाले, पण त्या सकाळी दोघांपैकी एक नसता तर चित्र वेगळे झाले असते.

सियाचिनवर चीता हेलिकॉप्टरे हवाई दलही उडवते आणि आम्हीही. तिथे असताना कोणी किती फेऱ्या मारल्या यावरून आमची रोज चढाओढ चाले. परंतु पहाटे ब्रीफिंगआधी हवाई दलाचा एखादा वैमानिक आमच्या खोलीत येई, चहाचा कप बाजूला ठेवून गुडघ्यावर बांधायच्या पॅडवरचा कागद उलगडे आणि अमुक हेलिपॅडवर काल दहानंतर वारा डावीकडून कसा फिरला, इंजिनाची ताकद किती शिल्लक राहिली, हे पेन्सिलीने काढून दाखवी. त्या उंचीवर काही किलो वजन जास्त झाले तरी हेलिकॉप्टर उचलत नाही. आसने आणि जादा सामान उतरवून ठेवावे लागते. आम्हीही आमचे कागद त्यांना दाखवत असू. पार्थने दलाभिमान जरूर बाळगावा, पण दुसऱ्या दलाला नावे ठेवायला त्याने आत्ताच शिकू नये, आणि घरात तसे कोणी बोलत असेल तर, बाबा, तुम्ही थांबवावे.

आई, यातले सर्वांत सुरक्षित कोणते, असे तू विचारले आहेस. सुरक्षित म्हणावे असे यात काही नाही, आणि त्या आधारावर त्याची निवड करू नये, एवढेच मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

पुढच्या महिन्यात तुम्ही गोव्याला जाणारच आहात, तर पार्थला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात न्यावे. तिथे एक मोठे सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभे आहे. ही विमाने आधी एअर इंडियाची होती, मग हवाई दलाची झाली आणि १९७६ मध्ये, समुद्रावर पहारा कोणी द्यायचा याचा निकाल नौदलाच्या बाजूने लागल्यावर, नौदलाकडे आली. ते विमान त्याने निवांत पाहावे. एनडीएची तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा अर्ज दहावीच्या वर्षातच भरावा लागतो. दादाने त्याची जाहिरात आजपासून रोज पाहावी. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये. सईलाही हे सारे वाचून दाखवा, कारण मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली १७ जणींची तुकडी बाहेर पडली आहे.

मी मार्चमध्ये सुट्टीवर येतो आहे. तोवर पार्थने तिन्ही दलांची पसंती क्रमाने लिहून ठेवावी, आणि प्रत्येकापुढे विमानाचे नाव न घेता एक कारण लिहावे.

आपला आज्ञाधारक,
सुहास