सामरदच्या मामांना, सांदणीतल्या त्या दिवसाबद्दल

मामा, स. न. वि. वि.

हे पत्र तुमचा धाकटा तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही "एवढं काय त्यात" म्हणाल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच चारचौघांत लिहिते आहे.

फेब्रुवारीत आमच्या सोसायटीतली अकरा पोरं आणि आम्ही चार पालक, तुम्हाला वाटाड्या करून, तुमच्या गावाजवळच्या सांदण दरीत, कातळातल्या त्या खोल चिरेत उतरलो. आदल्या रात्री मी दोन पानं टिपणं काढली होती. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, खाली प्राण्यांची यादी. दरीच्या तोंडाशी उभी राहून मी ती वाचू लागले. तिसऱ्या वाक्यालाच निम्मी पोरं पाण्यात खडे मारायला लागली होती. तुम्ही हळूच म्हणालात, "ताई, आधी भिंतीला हात तर लावू द्या त्यांना."

टिपणं सॅकमध्ये गेली ती गेलीच.

पुढे चीर इतकी अरुंद झाली की दोन पोरांनी हात पसरले तर दोन्ही कातळ हाताला लागावेत. वर दोन-तीनशे फुटांवर आभाळाची एक पट्टी. तिथे तुम्ही भोकाभोकांच्या दगडावर बोट ठेवून विचारलंत, "आंबोळीला जाळी कशानं पडते?" बुडबुड्यांनी, हे घरात आंबोळी खाणाऱ्या कुठल्या पोराला माहीत नसेल? मग मला फक्त एवढंच सांगायचं उरलं, की लाव्हातली वाफ आणि वायूही असेच वर यायला धडपडतात. म्हणून थराच्या माथ्याला जाळी दिसते आणि पोटात घट्ट काळा दगड. पुढे त्या भोकांत पाणी झिरपलं, त्याच्याबरोबर आलेली खनिजं साठली, ते पांढरे चमकते खडे. तुम्ही पोरांना समोरच्या भिंतीवर तीच जाळी शोधायला लावलीत. सापडली, तेवढ्याच उंचीवर. आमचा आठ वर्षांचा पठ्ठ्या ओरडला, "म्हणजे हे आधी चिकटलेलं होतं!" दोन भिंती म्हणजे एकाच कातळाच्या दोन कडा. मधली भेग पाण्याने वर्षानुवर्षं पोखरून रुंद केली. माझ्या पानावर हे वाक्य होतं. पोरांना ते स्वतः शोधू द्यावं, हे मात्र मला सुचलं नव्हतं.

आणि ते लाकूड! डोक्याच्या पुष्कळ वर, दोन भिंतींमध्ये आडवं अडकलेला एक अख्खा ओंडका. "कोणी ठेवला असंल?" एकाने माकडाचं नाव घेतलं, एकाने सरळ भुताचं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त खालच्या ओल्या खडकापासून वरपर्यंत बोट फिरवलंत. पोरं एकदम गप्प झाली. पावसाळ्यात इथे का उतरायचं नाही, हे त्यांना आता कुणी वेगळं सांगायला नको.

प्राण्यांच्या बाबतीत माझी यादी सपशेल आपटली. शेकरू दिसलं नाही, उतरण्याआधी झाडाच्या शेंड्याला काटक्यांचं गोल घरटं तेवढं दिसलं. पोरं हिरमुसली होती. पण कपारीला चिकटलेली पाकोळीची मातीची वाटी दाखवून तुम्ही त्यांना पाच मिनिटं बसवून ठेवलंत. पाच मिनिटं! घरी जेवताना हे जमत नाही. आणि खेकडा दाखवल्यावर दगड होता तसाच परत ठेवलात, "छप्पर हाय त्याचं" म्हणत. त्यानंतर उचललेला प्रत्येक दगड पोरांनी जागेवर ठेवला. त्यापायी आम्हाला तासभर उशीर झाला, ही तक्रार समजा हवी तर.

दुसऱ्या डोहात पाणी पोरांच्या छातीला लागत होतं आणि माझी लेक काठावर थिजून उभी राहिली. मी "काही होत नाही गं" चा जप चालवला होता. तुम्ही मात्र पाण्यात उतरून काठी टेकवत गेलात आणि तळ कुठे आहे ते तिला दाखवत राहिलात. चौथ्या टेकणीला ती तुमच्या मागोमाग पाण्यात होती.

वर आल्यावर मामींच्या हातचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. तुमच्या घराच्या कारवीच्या कुडाला हात लावून पोरांनी विचारलं, हीच का सात वर्षांनी फुलणारी? आणि लगेच पुढच्या फुलोऱ्याला कोण कितवीत असेल याचे हिशेब सुरू झाले. मामींना नमस्कार सांगा.

परवा वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी लेक थांबली, कातळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, आंबोळी."

डोहातून आल्यावर तिला गुंडाळलेला तुमचा टॉवेल चुकून आमच्याबरोबर पुण्याला आला. धुऊन ठेवला आहे. मेअखेरीस काजवे बघायला येऊ, तेव्हा घेऊन येते.

तुमची,
टिपणंवाली ताई